शेवटच्या खोलीतील घंटा

सोमवार, ४ नोव्हेंबर

प्रिय पत्नीस,

मायन्यात तुझे पूर्ण नाव लिहिण्याची माझी सवय तुला कधीच रुचली नाही. "अहो, बायकोला पत्र लिहिताय की समन्स काढताय?" असे तू माझ्या पहिल्याच पत्राच्या उत्तरात विचारले होतेस. म्हणून या खेपेस ते गाळले आहे. या पत्राला उत्तर येणार नाही, याची मला पूर्ण जाणीव आहे. परंतु जे घडले आहे ते तुझ्याखेरीज कोणाला सांगितले असता ती चहाडी ठरेल, म्हणून तुलाच लिहीत आहे.

तुझ्या कचेरीच्या पत्त्यावर वृद्धनिवासाच्या व्यवस्थापिकांचे पत्र आले. तू त्यांच्याकडे बसवून दिलेल्या बोलावणे-घंटेविषयी ते आहे. प्रत्येक खाटेशेजारी एक टॅब, त्यावर एकच मोठे हिरवे बटण. ते दाबले की परिचारिकांच्या टेबलावर घंटा वाजते आणि खोलीचा क्रमांक उजळतो. हे काम पूर्ण झाले त्या संध्याकाळी तू मला ते इतक्या उत्साहाने समजावले होतेस, की मला आमटी गार झाल्याचे सांगण्याचे धैर्य झाले नाही.

पत्राचा आशय असा: व्हरांड्याच्या टोकाच्या खोलीत एक निवृत्त मुख्याध्यापिका राहतात. त्यांना तेथे सगळे 'मोठ्या बाई' म्हणतात. गेल्या महिन्याच्या अखेरीस त्या दुपारी खोलीत पडल्या आणि चहाची गाडी येईपर्यंत जमिनीवरच होत्या. मनगट मोडले असून त्या सध्या रुग्णालयात आहेत. आपण बटण दाबत राहिलो, कोणीही आले नाही, असे त्यांनी आपल्या लेकीला सांगितले आहे. त्या वेळी टेबलावर असलेली सिस्टर शपथेवर सांगते, की घंटा वाजलीच नाही. दोघींपैकी एक खोटे बोलत असावी, किंवा घंटा. चौकशी होईपर्यंत सिस्टरला घरी बसवण्यात आले आहे. येत्या शनिवारनंतरच्या शनिवारी बैठक आहे, आणि "आपल्या संस्थेने" लेखी स्पष्टीकरण द्यावे, अशी विनंती आहे.

तुझी संस्था म्हणजे आता छोटी आणि एक रिकामी खुर्ची. तुझ्या हाताखाली शिकायला आलेल्या आणि पुढे तुझी भागीदार झालेल्या या मुलीला तू छोटी का म्हणत होतीस, हे मला अजून उमगलेले नाही. ती दारातून आत येताना मान वाकवते.

मी वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून आयुष्य घालवले. दुकानदार सबबी सांगतात, तराजू सांगत नाही, एवढे मी तेथे शिकलो. मला एकच गोष्ट जाणून घ्यायची आहे आणि ती कळल्याशिवाय मला स्वस्थता लाभणार नाही. तुझ्या घंटेने त्या बाईंना जमिनीवर पडून राहायला लावले का?

तुझा.


गुरुवार, ७ नोव्हेंबर

प्रिय पत्नीस,

आज दिवसभर तुझ्या कचेरीत होतो. काचवाल्याच्या दुकानावरची ती खोली अजून तशीच आहे. खाली काच कापली जाते तेव्हा वर दात आंबतात, हे तू सांगत असायचीस, ते अक्षरशः खरे निघाले. महिनाअखेरीस खोली रिकामी करून हवी असल्याचे काचवाल्यांनी अदबीने सांगितले. त्यांच्या पुतण्याला तेथे फ्रेमचे दुकान काढायचे आहे.

छोटीने तुझा संगणक उघडून घंटेच्या प्रोग्रॅमची फाइल माझ्यासमोर ठेवली.

"काका, तुम्ही खरंच हे वाचणार आहात?"

"वाचल्याशिवाय मी कशाखालीही सही करत नाही."

"यात सही कुठेच करायची नसते."

"ते वाचल्यावर ठरवू."

तिने हसू आवरले. तुझ्यासारखी तीही मला मर्यादेतच हसते. मग तिने समजावले, आणि मी माझ्या पद्धतीने टिपून घेतले. जावास्क्रिप्ट नावाच्या संगणकाच्या भाषेत 'फंक्शन' म्हणजे नेमून दिलेले एक काम. हाक आली की ते घडते. अडचण अशी, की हाक मारणाऱ्यावर कोणाचेही नियंत्रण नसते. वृद्धनिवासात एक निवृत्त बस कंडक्टर आहेत. आयुष्यभराच्या सवयीने ते बटण सतत दोन-दोनदा दाबतात. टण् टण् झाल्याशिवाय त्यांना गाडी सुटल्यासारखी वाटत नाही. त्यांच्या टण् टण्‌ने सिस्टर लोक मेटाकुटीला आले आणि त्यांनी तुझ्याकडे तक्रार केली. म्हणजे घंटा वाजवण्याचे फंक्शन किती वेळा चालावे, याला काहीतरी आवर घालणे भाग होते.

असा आवर घालण्याच्या दोन रीती तू त्या फाइलमध्ये लिहून ठेवल्या आहेस. तुमच्या धंद्यात त्यांना डिबाउन्स आणि थ्रॉटल म्हणतात, असे छोटी म्हणाली. तू त्यांना 'काटा' आणि 'आई' अशी नावे दिली आहेस.

'काटा' प्रत्येक हाकेनंतर थोडा वेळ मोजू लागतो. तेवढ्यात दुसरी हाक आली, की आधीची मोजणी रद्द करून नव्याने सुरुवात. हाका पूर्ण थांबल्या आणि मोजणी निर्विघ्न संपली, तरच काम होते, तेही एकदाच. त्याच्या वर तू एक ओळ लिहिली आहेस: काटा स्थिर झाल्याशिवाय वाचायचे नाही. त्याखाली: नि. सा.

"हे नि. सा. कोण?" मी विचारले.

"निरीक्षक साहेब," छोटी म्हणाली. "तुम्हीच की. ताई म्हणायच्या, हे मी घरी शिकले."

मला काही वेळ चष्मा पुसावा लागला. काच कापण्याच्या धुरळ्याने खोलीत वर्षभर काहीतरी उडत असते.

दुसरी रीत 'आई'. तिच्यावर तू सविस्तर लिहिले आहेस, तुझ्या नेहमीच्या बोलण्यातल्या भाषेत: पहिल्या हाकेला आई हातातलं टाकून यायची. लगेच पुन्हा हाका मारल्या तर म्हणायची, आत्ताच येऊन गेले ना, जरा दम धर. आणि तरीही हाका चालूच राहिल्या, तर थोड्या वेळाने पुन्हा डोकावून जायची. म्हणजे पहिली हाक कधीच वाया जात नाही, आणि नंतर कितीही आरडाओरडा केला तरी काम ठरावीक अंतरानेच होते.

'काटा' तू नावे शोधण्याच्या चौकटीला जोडला आहेस. तेथे तो योग्यच आहे, कारण माणूस नाव लिहीत असताना प्रत्येक अक्षरागणिक शोधाशोध करण्यात अर्थ नाही. त्याचे लिहून होऊ द्यावे. आणि घंटेला जोडली आहे 'आई'. मी छोटीला ती ओळ तीनदा दाखवायला लावली.

"काका, तीच आहे. पळून जात नाही."

म्हणजे मोठ्या बाईंनी बटण दाबले असते, तर पहिल्याच दाबाला घंटा वाजली असती. तुझ्या कामात दोष नाही. मी तसे छोटीला मोठ्याने सांगितले, आणि मग कळले की चहा केव्हाचा निवला होता.

तुझी धाकटी बहीण अजूनही दिवसभर फोन करत असते. जेवलात का, झोपलात का, गॅस बंद केलात का. आज छोटी ते ऐकून म्हणाली, "मावशींना थ्रॉटल लावा." शब्द समजल्यामुळे विनोदही समजला. तुला हे कळवण्याजोगे वाटले.

तुझा.


सोमवार, ११ नोव्हेंबर

प्रिय पत्नीस,

मागच्या पत्रात मी घाई केली. फाइलमधली ओळ बरोबर असणे हा पुरावा नव्हे. दुकानाच्या पाटीवर 'प्रमाणित वजने' लिहिलेले असते म्हणून निरीक्षक परत फिरत नाही. तो आत जाऊन पारड्यात वजन ठेवतो. म्हणून आज सकाळी मी वृद्धनिवासात गेलो.

व्यवस्थापिकांनी मला रीतसर परवानगी दिली. लांब व्हरांडा, भिंतीला धरून चालायचा दांडा, मध्यावर सिस्टरचे टेबल आणि त्यावर तुझा घंटेचा डबा. मी पहिल्या खोलीपासून आरंभ केला. बटण एकदा दाबायचे, थांबायचे, घंटा ऐकायची, टिपायचे, पुढच्या खोलीत जायचे. कंडक्टर आजोबा माझ्यामागे खोलीबाहेर आले.

"साहेब, एकदा दाबलंत तर गाडी थांबते. सोडायची असेल तर दोनदा."

"मी तपासणी करत आहे."

"तिकीट तपासनीस होय? मग आधीच सांगायचं ना," असे म्हणून ते सावरून उभे राहिले.

प्रत्येक खोलीतली घंटा वाजली. शेवटच्या, मोठ्या बाईंच्या रिकाम्या खोलीतलीही वाजली. मी बाहेर येऊन छोटीला फोन केला आणि सर्व निर्दोष असल्याचे कळवले. तिने उलट विचारले:

"दाबलंत कसं?"

"नियमाप्रमाणे. एकदा. आणि थांबलो."

"काका, तुम्ही शिक्का मारल्यासारखं दाबता. घाबरलेल्या माणसासारखं दाबून पाहिलंत का?"

"मी घाबरलेलो नव्हतो."

"ते माहितेय मला. पण जमिनीवर पडलेली बाई एकदा दाबून शांत बसेल का?"

मला तेव्हा उमगले. एकदाच दाबून थांबणाऱ्या सभ्य माणसाला 'काटा' आणि 'आई' यांत काही क्षणांच्या उशिरापलीकडे भेद दिसत नाही. दोन्हींत घंटा वाजते. भेद दिसतो तो घाबरलेल्याला. मी अख्खी सकाळ निर्दोष पद्धतीने काहीही न तपासता घालवली होती.

छोटी रिक्षा करून आली. तिने खोल्यांमधून बटणे अशी बडवली, की कंडक्टर आजोबा कौतुकाने मान डोलावू लागले. प्रत्येक खोलीत पहिल्याच दाबाला घंटा झाली, मग थांबून थांबून पुन्हा. शेवटच्या खोलीत ती दाबत राहिली आणि व्हरांड्यातून काहीच आले नाही. ती दाबतच राहिली. मी दारात उभा राहून टेबलाकडे पाहत होतो. नंतर तिने बोट उचलले, आणि थोड्या वेळाने, आता कशाचीच घाई नसल्यासारखी, घंटा एकदा वाजली.

त्या एका खोलीत घंटेला 'काटा' जोडलेला आहे.

मी दुकानदारांना जन्मभर सांगत आलो, की काटा हलत असताना वाचू नका, स्थिर होऊ द्या. तराजूसाठी ते खरे आहे. परंतु जमिनीवर पडलेल्या माणसाचा हात स्थिर होत नाही, आणि झालाच तर ते बरे लक्षण नसते. ती बाई जितकी घाबरून दाबत राहील, तितकी ती घंटा मुकी राहील.

पुढे आज लिहिवत नाही.

तुझा.


बुधवार, १३ नोव्हेंबर

प्रिय पत्नीस,

छोटी काल संध्याकाळी घरी आली. खांद्यावरची पिशवी न काढताच बसली, तेव्हाच मी ओळखले की तिला काही सांगायचे आहे.

तिने सांगितले ते असे. कंडक्टर आजोबांची तक्रार आली तेव्हा तू घाईने सर्वत्र 'काटा' लावलास. त्याच आठवड्यात कचेरीत बसून तू स्वतःच बटण बडवून पाहिलेस आणि ताडकन उठलीस. "अगं, हे तर घाबरलेल्या माणसाचं तोंड दाबतंय," असे म्हणालीस, आणि संध्याकाळपर्यंत 'आई' लिहून पूर्ण केलीस. परंतु टॅबवर पान एकदा उघडले, की ते उघडताना जे घेऊन आले तेच धरून बसते; नवे हवे असेल तर पान नव्याने उघडावे लागते. आणि पान कधीही बंद करू नका, असे तुम्हीच सर्वांना बजावले होते. म्हणून तुम्ही दोघी खोल्याखोल्यांतून हिंडून प्रत्येक पान नवे केलेत. शेवटच्या खोलीत मोठ्या बाई झोपल्या होत्या.

"ताई दारातूनच मागे फिरल्या," छोटी म्हणाली. "म्हणाल्या, झोपू दे. दुपारची झोप मोडली तर संध्याकाळपर्यंत आपली शाळा घेतील. सोमवारी येऊन करू."

त्या सोमवारी तुझा डॉक्टरी तपासणीचा अहवाल आला. त्यानंतर आपण कोणकोणत्या डॉक्टरांच्या दारांशी बसून राहिलो, ते तुला ठाऊक आहे.

"माझ्या लक्षात राहायला हवं होतं," ती म्हणाली. "स्पष्टीकरणात माझं नाव घाला."

"कोणाचेही नाव घालणार नाही. संस्थेचे घालीन."

तिने बराच वेळ पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला. "काका, एक बोलू? फाइलमध्ये तर बरोबरच आहे. बाई अजून रुग्णालयात आहेत. मी आत्ता जाऊन ते पान नवीन केलं, तर शनिवारी सगळं व्यवस्थित वाजेल. कुणाला काही कळणार नाही. ताईंना कुणी काही बोलणार नाही."

मी खोटे लिहिणार नाही. हा विचार मला तिच्या आधी सुचला होता. परवा रात्रीपासून तो माझ्या शेजारी बसून होता. तुझ्या नावावर आता नवे काहीच लिहिले जाणार नाही. जे लिहिले जाईल ते तेवढेच राहील. ते कशाला असावे, हे?

"आणि सिस्टर?" मी विचारले.

छोटीने बोटावरचा बंद सोडवला.

"घंटा निर्दोष ठरली, तर ती खोटारडी ठरते. तिला पुन्हा कोण ठेवील?"

"मी नुसतं म्हटलं, काका."

"मीही नुसते ऐकले."

मग मी तिला चहा करून दिला. साखर विसरलो. ती तसाच प्यायली. आज सकाळी वृद्धनिवासात जाऊन त्या टॅबवर 'सदोष, वापरू नये' असा कागद माझ्या सहीने चिकटवून आलो. दोष असलेले माप दुरुस्त करायचे नसते. पाहणाऱ्यांनी पाहीपर्यंत ते तसेच ठेवायचे असते. मी स्पष्टीकरण लिहून ठेवले आहे. ते फार मोठे नाही. त्यात तू कोणाची झोप मोडली नाहीस, हे लिहिता येईना. ते तपशिलात बसत नव्हते.

शनिवारी मी ते वाचून दाखवीन. तू मला समजून घेशील, असे धरून चालतो.

तुझा.


शनिवार, १६ नोव्हेंबर

प्रिय पत्नीस,

सारे क्रमाने सांगतो, कारण क्रम सुटला तर माझा माझ्यावरच विश्वास बसणार नाही.

मोठ्या बाई काल वृद्धनिवासात परतल्या. हात प्लास्टरमध्ये, बाकी ताठ. बैठक आपल्या खोलीतच व्हावी, असा त्यांचा हुकूम होता. व्यवस्थापिका, मोठ्या बाईंची लेक, छोटी, आणि भिंतीशी उभी असलेली ती सिस्टर. सिस्टर फार तरुण नाही. तिने गणवेश घातला नव्हता, आणि दोन्ही हातांनी पर्स धरून ठेवली होती.

मी उभा राहून वाचले. दोष आमच्या बाजूने राहिला. या एका खोलीतील पान नवे करायचे राहून गेले. बटण न थांबता दाबत राहिल्यास या खोलीतील घंटा वाजत नाही. सिस्टरने घंटा न वाजल्याचे सांगितले, ते त्यामुळे खरे असू शकते. मग मी टॅबवरचा कागद काढून बटण दाबून दाखवले. मी यावेळी शिक्का मारल्यासारखे दाबले नाही. व्हरांडा शांत राहिला.

"म्हणजे आई इथे पडून दाबत होती, आणि हे मुकं बसलं होतं," लेक म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरे झाले असते.

"तसे झाले असणे शक्य आहे," मी म्हणालो.

सिस्टर रडू लागली. तिने पर्स तोंडावर धरली.

"हे कुणी केलेलं?" मोठ्या बाईंनी विचारले.

"माझ्या पत्नीने."

"मग त्या कुठे आहेत? स्वतः का नाही आल्या?"

"त्या वारल्या. उन्हाळ्यात."

मोठ्या बाईंनी माझ्याकडे नीट पाहिले. वर्गात उशिरा आलेल्या मुलाकडे पाहतात तसे, पण कारण आधीच कळल्यासारखे.

"आखूड कापलेले पांढरे केस? दारात उभी राहून 'झोपल्यात' असं कुजबुजली होती, ती?"

"होय, तीच," माझ्याऐवजी छोटीच म्हणाली.

"मी झोपले नव्हते. कुणी यंत्र घेऊन आलं, की मी डोळे मिटून घेते. ते सगळे तासभर शिकवत बसतात." त्यांनी प्लास्टरमधला हात मांडीवर घेतला. "तिला पाहून वाटलं, ही शहाणी दिसतेय, लगेच गेली."

नंतर त्या लेकीकडे वळल्या. "मी बटण दाबलंच नव्हतं."

लेक पुढे आली.

"आई, तू मला सांगितलंस..."

"सांगितलं. मी पडदा सरकवायला उठले, आणि खिडकीपाशी पडले. टॅब खाटेजवळ होता. त्याला माझा हात पोचणार होता का? तूच बघ."

सर्वांनी पाहिले. व्यवस्थापिका हळूच म्हणाल्या, "खिडकीपाशीच सापडल्या होत्या या. मीच उचललं."

"मग दाबत राहिले, असं का सांगितलंस?" लेक म्हणाली.

"तू काय म्हणाली होतीस? घंटा न वाजवता एकटी उठलीस, तर सरळ माझ्या घरी घेऊन जाईन."

"ते तुझ्या काळजीनं म्हटलं होतं."

"ते कळतं मला. पण तुझ्याकडे सकाळपासून टीव्ही चालू असतो, आणि जावईबापू त्याच्याशी वाद घालतात."

छोटीने तोंडावर हात ठेवला. लेकीने आईकडे असे पाहिले, की आता हसावे की ओरडावे हे तिला ठरवता येत नव्हते. शेवटी तिने खाली बसून आईच्या प्लास्टरवरची सुरकुतलेली पट्टी नीट केली.

"या बिचारीला किती दिवस घरी बसवलंस तू."

"म्हणूनच आत्ता बोलले. एक गृहस्थ स्वतःच्या बायकोचा दोष सांगायला माझ्यासमोर उभे राहिले, आणि मी गप्प बसू?" मोठ्या बाईंनी सिस्टरला जवळ बोलावले. "बाळ, चूक माझी. मॅडम, उद्यापासून हिला कामावर घ्या, आणि मधल्या दिवसांचे पैसे द्या. साहेब, तुम्ही बसा. इथे उभं राहण्याची शिक्षा देत नाही कुणी."

मी बसलो. 

मग मी पान नवे करण्याची परवानगी मागितली.

"करा. आज मी जागी आहे," त्या म्हणाल्या.

छोटीने हात पुढे केला, पण मी तिला थांबवले. तिने सांगितल्याप्रमाणे बोट वरून खाली ओढले. टॅब क्षणभर कोरा पांढरा झाला आणि मग हिरवे बटण परत आले. दिसायला आधीचेच. मोठ्या बाईंनी चांगल्या हाताने ते जोरजोरात दाबले, पोरांना दटावतात तसे. पहिल्याच दाबाला व्हरांड्यात घंटा वाजली, आणि खाटेजवळ उभी असलेली सिस्टर सवयीने दाराकडे निघाली. मग तिच्या लक्षात आले आणि सगळे हसले. मीही हसलो. मला वाटते, तुझ्यानंतर प्रथमच.

तर निष्कर्ष असा: दोष होता. तो नोंदवला गेला आणि दुरुस्त झाला. त्याने कोणाचेही वाईट केले नाही. मोठ्या बाईंना जमिनीवर तुझ्या घंटेने ठेवले नव्हते. मी हे वाक्य परत येताना रस्त्यात अनेक वेळा मनात म्हटले. मग एका दुकानाच्या पायरीवर जरा टेकलो, कारण श्वास इतका खोल गेला, की त्याची सवय राहिली नव्हती. दुकानदाराने पाणी विचारले. मी घेतले. घरी येऊन जेवलो, आणि दुपारी झोपलो. तुझ्या बहिणीचे फोन आले असावेत. मी संध्याकाळी तिला आपण होऊन एक केला, आणि सगळे सांगितले. ती फोनवरच रडली आणि मग म्हणाली, "आता दोन दिवस मी फोन करत नाही, तुम्ही आराम करा." उद्या सकाळी करील.

छोटी परतताना रिक्षात बसण्यापूर्वी मला म्हणाली, "काका, तुम्ही ते पान छान नवं केलंत."

"मी सूचनेप्रमाणे बोट ओढले."

"तेच म्हणतेय."

तुझा.


शनिवार, ३० नोव्हेंबर

प्रिय पत्नीस,

वृद्धनिवासाने घंटेचे काम पुढेही छोटीकडेच ठेवले आहे. व्यवस्थापिकांनी नव्या करारात एक अट घातली: काहीही बदलले, की सगळ्या खोल्यांत जाऊन आपल्या हाताने बटण दाबून पाहायचे, झोपलेल्यांच्याही. छोटीने विचारले, दाबायचे कसे? त्यांनी लिहून दिले: घाईघाईने. ती आता तिच्या घराच्या पुढच्या खोलीतून काम करील. तुझा संगणक, दोन्ही टेबले आणि घंटेचा जादा डबा मी तिच्याकडे पोचता केला. खुर्ची तिने मागितली नाही, मीच दिली. "ताईंची आहे ती," असे ती म्हणाली, तेव्हा मी म्हणालो, की खुर्ची बसण्यासाठी असते. तिने लगेच बसून पाहिले आणि गुडघे टेबलाला लागतात अशी तक्रार केली. मला ते बरे वाटले.

आज मी सकाळी एकटाच गेलो. खोली झाडून घेतली. खिडकीच्या कट्ट्यावर तुझी एक केसांची पिन मिळाली. ती मी खिशात ठेवली आहे. भिंतीवरचे खिळे काढले, भोके बुजवली. फ्रेमचे दुकान निघणार असल्यामुळे ती पुन्हा पडतीलच, पण आपण परत दिलेली भिंत घेतली होती तशीच असावी. वीज आणि पंखा बंद केला, खिडकीला कडी लावली. मग काही वेळ रिकाम्या खोलीत उभा राहिलो. खाली काच कापली जात होती. नेहमीप्रमाणे दात आंबले.

मला वाईट वाटत नव्हते, हे तुला सांगायला हवे. तुझे जाणे जसे आहे तसेच आहे. परंतु त्याच्यावर दुसऱ्या कोणाचे दुःख रचलेले नाही, याची मला आता खात्री आहे. ते एकट्याने उचलण्याजोगे आहे.

काचवाले स्वतः जिना चढून वर आले. खोलीभर नजर फिरवून म्हणाले, "साहेब, दिली होती त्यापेक्षा चांगली परत करताय. आता पुतण्याकडून भाडं वाढवून मागायला लाज वाटणार नाही."

"मागा," मी म्हणालो. "तिने खोली उत्तम ठेवली होती."

दुपारी पावणेएक वाजता दार बंद करून कुलूप लावले, ओढून पाहिले, आणि दोन्ही किल्ल्या त्यांच्या हातात परत दिल्या.

तुझा.